मिटवलेले अपघात

"खोतांच्या फाट्यावर तीन वर्षांत एकच गंभीर अपघात झालाय," शेंडगे बाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातली फाईल माझ्या गिरणीच्या काट्यावर ठेवली.

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. गिरणीच्या दारात त्या सकाळी तीस-पस्तीस माणसं जमली होती. रस्ते खात्याची अभियंता आपल्या वॉर्डात येते हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे ज्यांना काही दळायचं नव्हतं तेसुद्धा डबा घेऊन आले होते. मी गिरणी बंद केली. गिरणी चालू असली की माणसाला खोटं बोलणं सोपं जातं, कारण कुणाला काही ऐकूच येत नाही.

"एकच?" मी विचारलं. "अहो बाई, गेल्या दिवाळीपासून या पोत्यांवर मी चार जणांना झोपवलंय."

"असेल, माई. पण पोलिसांच्या कागदावर एकच आहे."

मला सगळा वॉर्ड माई म्हणतो, त्यांनीही दहा मिनिटांत ते उचललं होतं. माझं नाव प्रमिला खंडागळे. नवरा गेल्यापासून गिरणी मीच चालवते. गिरणी फाट्याच्या अगदी तोंडावर आहे. शहर आमचं लहान, पण शहराच्या अंगावरून जाणारा रस्ता त्या वर्षी चौपदरी झाला आणि पूर्वी खड्ड्यांमुळे हळू जाणाऱ्या गाड्या सुसाट पळायला लागल्या. त्यात नगरपालिकेने शाळेची नवी इमारत बांधली ती रस्त्याच्या पलीकडे. जूनमध्ये शाळा तिथे भरणार होती. अलीकडच्या वस्तीतली अडीचशे पोरं दिवसातून दोनदा तो रस्ता ओलांडणार होती आणि तिथे ना सिग्नल, ना गतिरोधक, ना पांढरा पट्टा. आम्ही अर्जांवर अर्ज केले. त्याचं उत्तर म्हणून शेंडगे बाई आल्या होत्या.

बाई वयाने लहान होत्या, सत्तावीस-अठ्ठावीसच्या, पण घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी नियम समजावून सांगितला. तीन वर्षांत पाच गंभीर अपघात, म्हणजे मृत्यू किंवा हाड मोडणं, पोलिसांत नोंदलेले असले तर ती जागा धोक्याची ठरते. मग सिग्नल, गतिरोधक, दिवे, सगळं करता येतं आणि लवकर करता येतं. पाच नसतील तर फाईल वर जाते आणि तशीच खाली येते.

"तुम्ही सगळे म्हणता अपघात होतात," त्या म्हणाल्या. "मग ते गेले कुठे?"

मागून भरमू दूधवाला म्हणाला, "आमच्या माईंनी मिटिवले की."

तो हे अभिमानाने म्हणाला. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेही अभिमानानेच. गणपतीत मंडळाने मला शाल-नारळ दिला होता तो यासाठीच. फाट्यावर धडक झाली की जखमी माणूस माझ्या गिरणीत यायचा, धडक देणाराही यायचा. मी एकाला पाणी पाजायची आणि दुसऱ्याला बसवून ठेवायची. दोन्ही घरची मोठी माणसं बोलवून घ्यायची. चहा व्हायचा. दवाखान्याचा खर्च कोण करणार, गाडी कोण दुरुस्त करणार, हे ठरायचं. दवाखान्यात सांगायचं, घसरून पडला. हवालदार येईपर्यंत दोन्हीकडची माणसं एकमेकांना रामराम घालून निघालेली असायची. नऊ वर्षांत माझ्या दारातली एक भानगड कोर्टात गेली नव्हती. पोलिसांची पायरी कुणाला चढायला लागली नाही याचा मला केवढा तोरा होता! नोंदलेला तो एक अपघात परगावच्या दोघांचा होता. त्यांना माझी पद्धत ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी पोलीस बोलावले.

शेंडगे बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी चांगलं सुनावलं असतं. त्यांनी फक्त फाईल उचलली आणि तिच्यावरचं पीठ झटकलं.

"माई, मे अखेरपर्यंत मला नोंदी मिळाल्या तर मी हा फाटा पहिल्या यादीत टाकते," त्या जाताना म्हणाल्या. "शब्द देते. पण मी अपघात तयार करू शकत नाही."

त्या दिवशी दुपारी मी गिरणी उघडलीच नाही. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर आठवतील ते अपघात लिहीत बसले. तीन वर्षांतले अकरा निघाले. त्यात हाड मोडलेले चार. तो एक आणि हे चार, बरोबर पाच. एकसुद्धा सोडता येणार नव्हता. पहिली तीन नावं मी पटापट लिहिली. चौथं लिहायला हात उचलेना. चौथी होती लोहार गल्लीतली हौसाबाई. दोन वर्षांपूर्वी भाजीची पाटी घेऊन रस्ता ओलांडताना तिचा डावा पाय टेम्पोखाली सापडला होता. टेम्पो माझा होता आणि चालवत होता माझा मुलगा, रणजित.

मी आधी तिघांकडे गेले. मनाला म्हटलं, तिघं तर होऊ देत.

पाटणे गुरुजींच्या खांद्याचं हाड गेलं होतं. ते निवृत्त शिक्षक, नियमाने चालणारे, त्यामुळे ते लगेच तयार होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझेच शब्द मला परत ऐकवले. म्हणाले, तुम्हीच म्हणालात ना, या वयात पोलीस दारात आणून शोभा करून घेऊ नका. मी म्हटलं, म्हणाले होते, चुकले. ते म्हणाले, चुकलात हे बोलायला सोपं आहे. मी त्यांच्या ओट्यावर तीन संध्याकाळ बसले. चौथ्या संध्याकाळी त्यांच्या सूनबाईंनी ट्रंकेमागून एक्स-रे काढून माझ्या हातात दिला, तेव्हा गुरुजींनी चपला घातल्या. भरमूचा हात मोडला होता. गिरणीत त्यानेच अभिमानाने माझं नाव घेतलं होतं, पण स्वतःवर आलं तेव्हा तो आठ दिवस दूध घालून परस्पर मागच्या गल्लीने जात राहिला. शेवटी मीच पहाटे त्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले. तिसरी औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी, सुवर्णा. ती एका शब्दात तयार झाली, पण तिला धडक देणारे धान्याचे व्यापारी माझ्यावर उखडले. शब्द दिला होता तुम्ही, म्हणाले. खरंच दिला होता. त्यांच्या घरचं आणि त्यांच्या तीन भावांच्या घरचं दळण त्या दिवसापासून दुसऱ्या गिरणीत जायला लागलं.

ठाण्यातले मुल्ला हवालदार मला बावीस वर्षं ओळखत होते. दोन-दोन वर्षांनी तक्रार घ्यायची म्हणजे काय, साहेब मला खातील, असं ते पहिल्यांदा म्हणाले. मी एक्स-रे त्यांच्या टेबलावर पसरले. रोज गेले. रोज तोच बाक. शेवटी साहेबांनीच वैतागून सांगितलं, घ्या लिहून त्या बाईंचं, नाहीतर त्या इथेच गिरणी टाकतील. तिघांच्या नोंदी झाल्या तेव्हा मेची अठरा तारीख होती.

आता रणजित.

तो तेव्हा एकवीसचा होता. एसटीच्या चालक भरतीत त्याचं नाव लागलं होतं. चाचणी झाली होती, वैद्यकीय झालं होतं, पोलिसांची पडताळणी तेवढी राहिली होती. घरात आम्ही दोघंच. त्याला खाकी कपडे मिळतील म्हणून मी उगाच दोन हँगर आणून ठेवले होते. जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि ताटातला हात तसाच ठेवला.

"दुसरं कुणीतरी शोध," तो म्हणाला.

"दुसरं कुणी असतं तर तुला सांगितलं असतं का?"

"माझी पडताळणी पुढच्या महिन्यात आहे, आई. गुन्हा दाखल झाला की संपलं. तुला कळतंय का काय मागतेयस?"

"कळतंय. पंधरा जूनला अडीचशे पोरं त्या रस्त्यावर येणार आहेत, तेही कळतंय."

मला वाटलं आता तो ओरडेल. तो ओरडला नाही. अगदी सावकाश बोलला, आणि ते मी अजून विसरले नाही.

"त्या दिवशी मी ठाण्यात निघालो होतो. आठवतं? तू मला शर्टाला धरून मागे ओढलंस. म्हणालीस, तू गप्प बस, मी बघते. तेव्हा जाऊ दिलं असतंस तर आज माझं सगळं होऊन गेलं असतं. तेव्हा तुला मी हवा होतो. आता रस्ता हवाय."

मला रडू आलं आणि त्याच्यासमोरच आलं. कारण त्याचं खरं होतं. एकोणीस वर्षांचा मुलगा केलेलं कबूल करायला निघाला होता आणि त्याला मागे ओढलं होतं मी, त्याच्या आईने. मी म्हटलं, रणजित, तू स्वतः आलास तर बरं होईल, नाही आलास तर मी जाणार. तो उठला, हात धुतला आणि मित्राकडे राहायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी लोहार गल्लीत गेले. हौसाबाईच्या घरी मी दोन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. धडक झाल्यावर मी तिचा दवाखाना केला होता आणि जन्मभर तुझं दळण फुकट, असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. चार-सहा महिने ती आली, मग येईनाशी झाली. मला वाटलं, मानी बाई आहे, फुकटचं नको वाटत असेल. खरं सांगायचं तर ती येईनाशी झाली म्हणून मला बरंच वाटलं होतं. तिचं ते पाय ओढत डबा आणणं मला बघवत नसे.

ती दारात बसून लसूण निवडत होती. पाटी घेऊन फिरणं बंद झालं होतं, आता उंबऱ्यावर बसूनच लसूण-मिरची विकायची. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. रणजितचं नाव घेताना थांबले नाही. तक्रार तिची हवी, जबाब तिचा हवा, असं म्हटलं. ती मान वर न करता लसूण निवडत राहिली. मला गप्प बसवत नाही, म्हणून मी म्हटलं, हौसाबाई, तेव्हा मिटवलं ते तुमच्याही भल्यासाठीच मिटवलं होतं.

तेव्हा तिने वर पाहिलं.

"माई, तुमी मला इचारलंच न्हवतं."

"असं कसं? सगळे बसलो होतो की गिरणीत. तुमचे दीर होते, चुलत सासरे होते..."

"ते हुते. मी दवाखान्यात हुते. दिरानं येऊन सांगितलं, तुजं मिटलं म्हणून. माझा पाय गेला आणि चा तुमी पेलासा." ती रागाने बोलत नव्हती, बाजाराचा भाव सांगावा तसं सांगत होती. "मला कुनी येऊन म्हटलं न्हाई, हौसाबाई, तुजं काय म्हणणं हाय."

नऊ वर्षांत मी कितीतरी अपघात मिटवले आणि दर वेळी घरातल्या मोठ्या माणसांना विचारलं. ज्याला लागलं होतं तो बहुतेक वेळा पोत्यावर झोपलेला असायचा किंवा दवाखान्यात. त्याला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, सोमवारी दहाला मी ठाण्यात जातेय, रिक्षा पाठवू का. ती म्हणाली, रिक्षा नको. येणार का, विचारलं, तर म्हणाली, सोमवारी कळंल.

पुढे रस्त्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण नंतर मला सोमवारचंच सांगायचं आहे. शेंडगे बाईंनी शब्द पाळला. फाटा पहिल्या यादीत लागला. पण सरकारी काम, ऑगस्ट उजाडला. मधले दोन महिने शाळा भरताना आणि सुटताना वॉर्डातल्या बायका आणि मी जाड दोर घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहायचो, दोर आडवा धरायचो, गाड्या थांबवायचो आणि पोरं सोडायचो. ड्रायव्हरांच्या शिव्या खाल्ल्या, पण दोर खाली केला नाही. मग सिग्नल आला, गतिरोधक आले, पांढरे पट्टे आले, दिवे आले. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तो रस्ता ओलांडताना आमच्या वस्तीतलं एकही पोर दगावलेलं नाही. रणजितची एसटीची यादी त्याला सोडून पुढे गेली. केस तीन वर्षं चालली, दंडावर सुटला. तो आता चाकणला एका कंपनीची गाडी चालवतो. दिवाळीला येतो. बोलतो, पण बेतानेच. मला त्याचं वाईट वाटतं आणि तरीही मी केलं ते बरोबर केलं असंच मी म्हणते. दोन्ही खरं आहे.

तर सोमवार.

मी दहाच्या आधीच ठाण्यात पोचले. रणजित येईल असं मनात कुठेतरी होतं. तो आला नाही. सव्वादहाला हौसाबाई आली, काठी टेकत, एकटी, लोहार गल्लीपासून चालत. दीर नव्हता, कुणीच नव्हतं. ती माझ्या शेजारी बसली नाही, समोरच्या बाकावर बसली. एक्स-रे तिने साडीच्या जुन्या खोक्यातून आणला होता.

मुल्ला हवालदारांनी कागद ओढला. तिचं नाव, वय, पत्ता झाला. तारीख तिला तोंडपाठ होती, वारसुद्धा. कुठून निघाली होती, पाटीत काय होतं, कुठल्या बाजूने ओलांडत होती, सगळं तिने सांगितलं. मग हवालदारांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं.

हौसाबाईने माझ्याकडे बोट केलं.

"त्या सांगतील."

"तक्रार तुमची आहे, तुम्हीच सांगायचं," हवालदार म्हणाले.

"मी पडले हुते, मला काय दिसलं न्हाई. त्या दारातच हुत्या. त्या दिवशी माझ्या वतीनं समदं त्याच बोलल्या. आज बी त्यांनीच बोलावं."

तिने मला सोडलं नाही, आणि सोडायचं कारणही नव्हतं. मी उठून टेबलाजवळ गेले. बसून ते नाव घेता येईल असं मला वाटलं नाही.

"रणजित महादेव खंडागळे," मी म्हटलं. "राहणार खोतांचा फाटा, पिठाच्या गिरणीमागे."

हवालदारांचं पेन थांबलं. त्यांना ठाऊक होतं तरी त्यांनी विचारलं, "तुमचं काय नातं?"

"मुलगा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. दाराकडे एकदा पाहिलं, मग खुर्ची माझ्याकडे ओढली आणि आवाज खाली आणला. रणजितची पडताळणी त्यांच्याच टेबलावरून जाणार होती. बारशाला आलेले होते ते त्याच्या. वाईट माणूस नव्हे. माझ्या गिरणीत मी जसं बोलायची तसंच ते बोलले, तितक्याच मायेने.

"माई, अजून नावाला शाई लागलेली नाही. तुम्ही आजवर एवढ्यांची मिटवलीत, तुमचं एक मी मिटवतो. ही बाई आपल्या ओळखीची आहे, नाही म्हणणार नाही. पोराचं आयुष्य आहे. बोला, मिटवायचं का?"

खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडाशी हो आलं होतं. आईच्या तोंडाशी दुसरं काय येणार? ते हँगरसुद्धा डोळ्यांसमोर आले. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "पाय ह्यांचा गेलाय. ह्यांना विचारा."

हवालदार बाकाकडे वळले. त्यांनाही ते अवघड गेलं, कारण असं विचारायची त्यांनाही सवय नव्हती. "काय हो हौसाबाई? काय करायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला घाई नव्हती, मीही केली नाही. बाहेर कुणाचा तरी फोन वाजून बंद झाला. तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली, दोन्ही हातांनी डावा पाय उचलून नीट पुढे घेतला आणि ताठ बसली.

"लिवा," ती म्हणाली.